ऑइलपेंटचं नाव

सध्या आमच्या घरी जेवताना एकच वाद चालतो. एका थोर फलंदाजाने आता थांबावं, की अजून एक मोसम खेळावं? यजमान म्हणतात, खेळावं. एवढ्या वर्षांची पुण्याई आहे. मुलगा म्हणतो, पाय हलत नाहीत त्यांचे, मग कशाला? मग दोघं माझ्याकडे बघतात आणि मी विचारते, भाजी वाढू का? या विषयावर मला मत नाही असा दोघांचा समज आहे. मत आहे. पंचवीस वर्षं आहे. ते जेवताना बाहेर काढण्यासारखं नाही, एवढंच.

मागच्या महिन्यात पौनीकरकाका दुकानात आले तेव्हा ते पुन्हा घशाशी आलं. गांधीबागेच्या मागच्या गल्लीत आमचं रंगाचं दुकान आहे. चुना, ऑइलपेंट, ब्रश, रेजमाल, सगळं मी बघते. काका माझ्या वडिलांबरोबर मिलमध्ये होते. आम्ही वडिलांना बाबूजी म्हणायचो, क्लबात ते उस्ताद. काका मिलच्या क्रिकेट क्लबचे सेक्रेटरी, आणि घरच्या मैदानावर प्रत्येक मॅचचे अंपायरही तेच. दोन्ही कामं एका माणसाकडे कशी, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. आता सत्तरी ओलांडली तरी आवाज तोच आहे, अपील फेटाळणारा.

"बाबूजीच्या नावानं काचेचं कपाट करून राहिलो आम्ही क्लबात," ते म्हणाले. "बॅट दे, टोपी दे, काही बी दे. रविवारी कार्यक्रम आहे. भावाले बी बोलावून घे, मधूले, भिलाईहून. असा माणूस पुन्हा होणार नाही वं पोरी."

मी चुन्याची पुडी बांधत होते. म्हटलं, "शोधते." न झालेलाच बरा, हे मनात ठेवलं.

बाबूजी गेल्यापासून दोन वर्षं त्यांची खेळाच्या सामानाची पेटी उघडलेली नव्हती. झाकण वर केलं आणि आधी जवसाच्या तेलाचा वास आला. बॅट वाळवीने पोखरली होती, हातात घेताच भुसा गळायला लागला. पण वास शाबूत होता. तो वास आला की मला शनिवार आठवतो. घाण्यावरून आणलेलं तेल वाटीत, जुन्या धोतराची चिंधी, आणि अंगणात उकिडवी बसलेली मी. बॅटचा पुढचा भाग तेलाने पुसायचा, मागचा कोरडा ठेवायचा, मूठ ओली होऊ द्यायची नाही. माय पलीकडे नीळ कालवायची. पांढऱ्या शर्टाला मिलमधून आणलेली खळ, पँटला कोळशाच्या इस्त्रीने कडक घडी, पॅडला ओल्या खडूचा हात. आमच्या घरात देव्हारा होता, पण सोवळं पाळलं जायचं ते या बॅटचं. तिला पाय लागला म्हणून मधूने चौथीत असताना मार खाल्लेला मला आठवतो. देवाला पाय लागला असता तर नमस्कार करून सुटला असता.

रविवारी सकाळी मिलचा भोंगा व्हायचा नाही. त्याऐवजी ठक ठक आवाज यायचा. मैदानावर काथ्याची मॅट पसरून चार बाजूंनी मोठे खिळे ठोकायचे. रात्रभर दवाने भिजलेला काथ्या उन्हात तापायला लागला की ओल्या दोरखंडासारखा वास सुटायचा. मैदानाच्या कडेला गवतावर घोंगड्या, त्यावर माणसं, माणसांच्या मध्ये संत्र्यांचे ढीग. बाबूजी खेळायला निघाले की सालं सोलणारे हात थांबायचे. आमच्या क्वार्टरच्या मागच्या भिंतीवर चढलं की सगळं दिसायचं. मी कित्येक हिवाळे त्या भिंतीवर काढले आहेत, आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीची वर्षं मीही श्वास रोखून बघायची.

मिलच्या फाटकापाशी एक काळा बोर्ड होता. शुक्रवारी संध्याकाळी त्यावर रविवारचा संघ लिहायचा. दहा नावं खडूने. चौथ्या नंबरचं नाव मात्र ऑइलपेंटने लिहिलेलं होतं, पांढऱ्या, जाड, सावली काढलेल्या अक्षरात. बाबूजींनी तरुणपणी प्रांताच्या संघातून खेळून बाहेरून आलेल्या संघाला दिवसभर पळवलं होतं, तेव्हा त्या वेळच्या मॅनेजरने रंगारी बोलावून ते लिहून घेतलं होतं. दर शुक्रवारी पौनीकरकाका ओला बोळा घेऊन बोर्ड पुसायचे. वरची तीन नावं जायची, खालची सात जायची, मधलं नुसतं धुतलं जाऊन अजून चकचकीत व्हायचं. त्याखाली, अकराच्याही खाली, एक रेघ ओढून बारावं नाव असायचं. पाणी नेणाऱ्याचं. तीन मोसम ते नाव मधूचं होतं.

मधू माझा धाकटा भाऊ, माझ्याहून दीड वर्षाने लहान. मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागला होता. तो चौथ्या नंबरचाच फलंदाज होता, आणि हे क्लबातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण चौथ्या नंबरवर ऑइलपेंट होता. मधूने बोटांच्या फटीत चार पेले अडकवायची युक्ती बसवली होती. एका हातात जग, दुसऱ्या हातात चार पेले, आणि धावत मैदानात. लोक त्यालाही टाळ्या वाजवायचे. मला त्या टाळ्यांची चीड यायची.

एकदाच बाबूजी खेळले नाहीत. रामटेकला मायच्या भाच्याचं लग्न होतं, त्यांना जावंच लागलं, आणि त्याच रविवारी कामठीला छावणीच्या संघाशी मॅच होती. मी परीक्षेचं निमित्त सांगून लग्न टाळलं आणि मधूबरोबर बसने कामठीला गेले. तो चौथ्या नंबरवर खेळला. मला त्यातलं फार काही सांगता येणार नाही. फक्त आवाज सांगते. बाबूजींच्या बॅटचा आवाज फळी आपटल्यासारखा यायचा. मधूचा कसाच यायचा नाही, आणि चेंडू मात्र सैनिकांच्या तंबूपर्यंत गेलेला असायचा. त्याने एकाहत्तर केले. परत येताना बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकवून झोपला, तोंड उघडं टाकून, आणि मी त्याच्या गुडघ्यावरची काथ्याची कुसं काढत बसले.

सोमवारी कळलं की स्कोअरच्या वहीत एकाहत्तर धावा बाबूजींच्या नावावर आहेत. वही लिहिणाऱ्या कारकुनाने नेहमीप्रमाणे शुक्रवारीच बोर्ड बघून नावं उतरवून ठेवली होती. मधू सांगायला गेला तर पौनीकरकाका म्हणाले, "असू दे ना गा. बापाच्याच नावावर आहेत, दुसऱ्याच्या तर नाही?" मधूने रात्रीच्या जेवणात हे हसत हसत सांगितलं. मी बाबूजींकडे बघत होते. ते ताकाचा पेला शोधत होते. पेला समोर होता, हात त्याच्या शेजारी फिरत होता. पेला सापडला, ते ताक प्यायले, आणि वहीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

पेला मी बघितला. हात का चुकतो, हे मला माहीत होतं.

बाबूजी रोज सकाळी अर्धा तास अंगणात सराव करायचे. मधू पहिल्या पाळीला गेलेला असायचा, माय पाण्याच्या रांगेत. पंधरा पावलांवरून चेंडू टाकणारी मी. खाली जुन्या मॅटचा तुकडा अंथरलेला, तिन्ही बाजूंना भिंत. कामठीच्या आधीच्या दिवाळीनंतर त्यांच्या बॅटला चेंडू लागेनासा झाला. पहिल्या दिवशी वाटलं, माझाच हात वाकडा. तिसऱ्या दिवशी मी चेंडू अगदी हळू टाकला, आणि ते तो गेल्यावर बॅट फिरवून उभे राहिले. मागची भिंत विटांची होती. लाल विटांवर लाल चेंडू.

दिवाळीच्या सफेदीतला चुना डबड्यात उरला होता. चौथ्या दिवशी मी चेंडू त्यात बुडवला. नुसता चुना उडून जातो, म्हणून थोडा डिंक घातला. रंगाच्या धंद्यात पडले त्याच्या आधीची ही माझी पहिली अक्कल. वाळवला आणि टाकला. फळी आपटल्यासारखा आवाज आला. बाबूजींनी चेंडू हातात घेऊन बघितला नाही. काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी चेंडूवर नवा हात आणि रोज सकाळी अंगण पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं. ते मी माय यायच्या आत झाडून टाकायची.

मी कोणालाही सांगितलं नाही. एक शब्द पौनीकरकाकांच्या कानावर घातला असता तर रंगारी बोलवावा लागला असता, आणि मधू त्याच्या जागी उभा राहिला असता. मी सांगितलं नाही, कारण तो अर्धा तास मला आवडायचा. एरवी बाबूजी माझ्याशी बोलायचे ते बॅटबद्दल, शर्टबद्दल. त्या अर्ध्या तासात ते म्हणायचे, "आता जरा पुढे टाक," "शाब्बास वं," आणि कधी कधी दोन चेंडूंच्या मध्ये त्यांच्या लहानपणीचं काही. बस, एवढंच कारण. मी इतरांवर एवढी चिडते, तर हेही लिहून ठेवलेलं बरं.

पुढच्या जानेवारीत जबलपूरच्या संघाशी मॅच ठरली. प्रांताचा संघ निवडणारे दोघेजण बघायला येणार होते. मधू एकवीस संपून बाविसात होता. मॅचच्या आदल्या दिवशी माय चुलीपाशी मला म्हणाली, "तू सांग त्यायले. एकदाच पोराले खेळू द्या म्हणा."

"तू काहून नाही सांगत?"

"मले हाकलून देतील. तुले नाही हाकलणार. सकाळी तुम्ही दोघं काय गुलुगुलु करता ते मले ऐकू येते."

सांगायचं कसं, यावर मी खूप विचार केला, आणि शेवटी मला सुचलं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा लाल चेंडू घेऊन उभी राहिले, पंधरा पावलांवर. एक टाकला. बॅट हवेत. दुसरा टाकला. हवेत. तिसरा पोटरीवर बसला. असे सहा टाकले. सहाव्यानंतर बाबूजींनी बॅट भिंतीला टेकवली, कपाळावरचा घाम पुसला आणि सहज विचारलं, "चुना संपला का वं?"

मला वाटत होतं, गुपित माझं आहे.

"संपला," मी म्हटलं.

"मग आणून ठेव दुपारी," ते म्हणाले, आणि अंघोळीला गेले. अंघोळ करून, कडक घडीची पँट घालून, टोपी सरळ करून मैदानावर गेले. मी भिंतीवर चढले.

तिथे त्यांचा पहिल्या चेंडूवर त्रिफळा उडाला असता तर मी ही सगळी गोष्ट थोड्या दयेने लिहिली असती. तसं झालं नाही. पहिलाच चेंडू पॅडवर बसला, स्टंपच्या सरळ समोर. गोलंदाज ओरडला. पौनीकरकाकांनी मान हलवली, नाही. दुसरा एक पायावर बसला, तेव्हाही नाही. तिसऱ्या वेळी जबलपूरचा कप्तान काकांकडे न बघता बाबूजींकडे बघायला लागला. त्याला कळलं असावं. त्याने वेगवान गोलंदाजाला थांबवलं आणि एका जाडजूड गृहस्थाला चेंडू दिला. ते गृहस्थ हळू, उंच, लाडू द्यावा तसे चेंडू टाकत राहिले. एक झेल सुटला, की सोडला, देव जाणे. आदर होता तो. मला अजूनही त्या माणसाचं तोंड आठवतं, भला होता बिचारा, आणि त्याने माझ्या भावाचं वाटोळं केलं. बाबूजींनी सदतीस केले. मधू तीन वेळा पाणी घेऊन गेला, चार पेले बोटांत. तिसऱ्या वेळी बाबूजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कोण म्हणे, बाप-लेक बघा. कोण म्हणे, अजून पाच वर्षं खेळतील उस्ताद. निवडणाऱ्या दोघांनी संत्री खाल्ली, रुमालाला हात पुसले आणि चहाच्या आधी निघून गेले.

मी दुपारी चुना आणून ठेवला. हेही लिहून ठेवते.

त्या उन्हाळ्यात मधू भिलाईला कारखान्यात लागला आणि गेला. जाताना स्वतःची बॅट घरीच ठेवली; विसरलो, असं मागून मायला कळवलं. मधू कधी काही विसरत नाही. तिथे त्याने पुन्हा बॅट धरली नाही. बाबूजी अजून दोन मोसम खेळले. मग मिलला नवा मॅनेजर आला, त्याने सगळ्या भिंती, फाटकं, बाकं हिरवी करून घेतली, आणि रंगाऱ्याने त्या झपाट्यात बोर्डही हिरवा केला. कुणी सांगितलं नव्हतं, त्याच्या ब्रशमध्ये रंग उरला होता. त्या शुक्रवारी बोर्डावर अकरा नावं होती, अकराही खडूची. बाबूजी फाटकाशी बराच वेळ उभे राहिले आणि घरी आले. पुन्हा गेले नाहीत. एवढ्या मोठ्या क्लबात जे कोणाला जमलं नाही ते उरलेल्या रंगाने केलं.

पेटीच्या तळाशी लोकरीच्या मोज्यात तो चेंडू होता. चुन्याचे थर चढून चढून मोसंबीपेक्षा मोठा झालेला, जड. तोच मी पौनीकरकाकांना दिला. मुद्दाम दिला. कोणीतरी विचारील, हा पांढरा काहून, असं वाटलं होतं.

कोणी विचारलं नाही. रविवारी क्लबात गेले तर कपाटात मखमलीवर चेंडू, खाली चिठ्ठी: उस्तादांचा खास पांढरा चेंडू. काका माइकवर सांगत होते, "टीव्हीवर पाहता ना, आता ऑस्ट्रेलियात पांढऱ्या चेंडूनं खेळून राहिले. आमचे उस्ताद तेव्हाच खेळत होते!" टाळ्या. मग ती स्कोअरची वही, कामठीच्या पानावर उघडलेली. "सेहेचाळिसाव्या वर्षी एकाहत्तर! आजकालच्या पोट्ट्यांनी करून दाखवावं!" अजून टाळ्या. भिंतीवर तो बोर्डही होता. काकांनी हिरवा रंग रेजमालने घासून काढला होता आणि चौथं नाव खालून पुन्हा वर आलं होतं. त्यावर झेंडूचा हार. रेजमाल आमच्याच दुकानातला. मीच दिला होता, कशाला हवा ते न विचारता.

मधू माझ्या शेजारी उभा होता. केस मागे गेलेले, खिशाला चष्मा. कामठीचं नाव निघालं तेव्हा तो हसला, तेच जेवतानाचं हसू. मग त्याने उघड्या कपाटातून चेंडू उचलला, वजन बघितलं आणि अंगठ्याच्या नखाने खरवडला. एक पापुद्रा निघाला. खाली पांढरं. अजून एक. पांढरं. मग लाल.

"ताई, हे काय आहे?"

"चुना. डिंक घालून."

"काहून?"

"लाल दिसत नव्हता बाबूजीले."

तो लाल ठिपक्याकडे बघत राहिला. "कधीपासून?"

"कामठीच्या आधीपासून."

"आणि तुले माहीत होतं."

"मीच बुडवत होती, मधू."

त्याने चेंडू परत मखमलीवर ठेवला. तेवढ्यात माइकवरून काका म्हणाले, "अरे मधू, पाहुण्यांले जरा पाणी दे ना गा!" लोक हसले, आपुलकीने. आणि मधूचा हात गेला. टेबलावर जग होता, स्टीलचे पेले होते. चार पेले त्याच्या बोटांच्या फटीत आपोआप जाऊन बसले. दुसऱ्या हाताने जग उचलून एक पाऊल त्याने टाकलंही. मी जग त्याच्या हातातून काढून घेतला, स्टेजवर गेले आणि काकांच्या हातात दिला.

"तुम्ही वाटा काका," मी म्हटलं. माइक चालू होता.

वळून बघितलं तर पेले टेबलावर ओळीने पालथे घातलेले होते. मधू माझी वाट न बघता स्टेशनकडे निघाला होता. मखमलीवर चेंडू नव्हता.

पत्र लिहिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

काल जेवताना पुन्हा तोच वाद. यजमान म्हणाले, अजून एक मोसम. मुलगा म्हणाला, आताच थांबावं. आणि मग, "आई, तुला काय वाटतं गं?"

मी पोळ्यांचा डबा बंद केला.

"सकाळी घरी त्याला चेंडू कोण टाकतं," मी म्हटलं, "तिला जाऊन विचारा."